डोंगराच्या पोटातील पाणी

हवाई बेटांच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत पाण्याला 'वाय' म्हणतात आणि संपत्तीला 'वायवाय'. ज्याच्याजवळ पाणी विपुल तोच संपन्न, असा त्या शब्दाचा भाव आहे. मराठीतही 'जीवन' या शब्दाचा एक अर्थ पाणी असाच आहे. एकमेकांपासून हजारो कोस दूर राहणाऱ्या लोकांनी आपापल्या भाषेत एकच सत्य साठवून ठेवले, यात नवल नाही. तहान सर्वत्र सारखीच असते. या हवाई बेटांवर २०२१ साली पिण्याच्या पाण्यावर मोठे संकट ओढवले. जमिनीखाली साठविलेले इंधन जमिनीखालच्या पाण्यात मिसळले. हे संकट कसे आले आणि त्याचे निवारण करण्यासाठी माणसांना काय काय करावे लागले, ही हकीकत प्रत्येकाने जाणून घेण्यासारखी आहे.

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी, कोणत्याही खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर हवाई द्वीपसमूह वसलेला आहे. हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक राज्य होय. त्यांपैकी ओआहू नावाच्या बेटावर होनोलुलू ही राजधानी आहे. बेटाच्या चारी बाजूंना अथांग समुद्र. परंतु त्याचा एक घोटही पिता येत नाही. मोठी नदी नाही, मोठे सरोवर नाही. मग होनोलुलूसारख्या मोठ्या शहराला पिण्याचे पाणी मिळते तरी कोठून? ते मिळते डोंगराच्या पोटातून.

ही बेटे ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाली. लाखो वर्षांपूर्वी तप्त लाव्हारस थरावर थर साचत गेला आणि थिजून त्याचा काळा खडक बनला. त्या खडकात असंख्य छिद्रे, भेगा आणि पोकळ्या राहून गेल्या. समुद्रावरून येणारे ढग डोंगरमाथ्यावर अडतात व तेथे धो धो पाऊस पडतो. त्यातील काही पाणी समुद्राला मिळते. पण पुष्कळसे खडकाच्या भेगांतून खाली खाली झिरपत जाते. पावसाचा एक थेंब भूजलाच्या साठ्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे २५ वर्षे लागतात, असे होनोलुलूचे पाणीखाते सांगते. म्हणजे आज नळाला येणारे पाणी एका पिढीपूर्वी आकाशातून पडलेले असते. आजीच्या काळातील पाऊस नातवाच्या पेल्यात येतो, असे म्हटले तरी चालेल.

येथे एक शंका सहज मनात येईल. समुद्र तर अगदी जवळ. मग खडकात झिरपलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळून का जात नाही? याचे उत्तर वजनात आहे. एक लिटर समुद्राचे पाणी एक लिटर गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २५ ग्रॅम जड असते. त्यामुळे खडकाच्या छिद्रांत खाली खारे पाणी राहते आणि त्याच्यावर गोडे पाणी अलगद तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर तिच्या खाली सुमारे ४० फूट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. निसर्गाने डोंगराच्या पोटात बांधलेला हा हौदच होय. त्याला भिंती नाहीत, झाकण नाही, आणि तो कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

याच हौदाच्या डोक्यावर माणसाने दुसरा साठा करून ठेवला, तो इंधनाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाला एक चिंता पडली होती. ओआहू बेटावर पर्ल हार्बर हे नौदलाचे मोठे ठाणे आहे. तेथील जहाजांसाठी लागणारे तेल उघड्यावरच्या टाक्यांत भरलेले असे. शत्रूच्या विमानांनी त्या टाक्यांवर बाँब टाकला, तर सारे आरमार जागच्या जागी खिळून राहील. म्हणून १९४० ते १९४३ या काळात होनोलुलूजवळच्या रेड हिल नावाच्या डोंगरात २० प्रचंड टाक्या कोरण्यात आल्या. प्रत्येक टाकी सुमारे २५० फूट उंच आणि १०० फूट रुंद. एकेका टाकीत वीस मजली इमारत सहज उभी करता येईल. आतून पोलादाचा पत्रा आणि त्याच्यामागे काँक्रीटचा जाड थर. सर्व टाक्या मिळून सुमारे ९५ कोटी लिटर इंधन त्यांत मावत असे. डोंगरातील भुयारांमधून मोठमोठे नळ पर्ल हार्बरपर्यंत नेलेले होते. ही सारी योजना कित्येक वर्षे गुप्त ठेवण्यात आली होती.

ते बांधकाम स्थापत्यशास्त्राचे एक आश्चर्यच मानले गेले. ते रचणाऱ्यांनी आकाशातून येणाऱ्या शत्रूचा विचार बारकाईने केला होता. परंतु टाक्यांच्या तळापासून अवघ्या १०० फुटांवर खाली लाखो लोकांच्या पिण्याचे पाणी होते. वर इंधन, खाली पाणी आणि मधे सच्छिद्र खडक, अशी ती मांडणी होती. पोलाद कितीही बळकट असले, तरी वर्षे लोटली की ते गंजते. सांधे ढिले होतात. आणि यंत्रे चालविणारी माणसे कधी ना कधी चुकतातच.

इंधन जमिनीत मुरले म्हणजे काय होते, ते समजून घेतले पाहिजे. तेल पाण्यापेक्षा हलके असते. खडकाच्या भेगांतून ते खाली उतरते तेव्हा वाटेतील छिद्रांना चिकटून राहते. उरलेले पाण्याच्या पातळीपर्यंत पोहोचले की त्याच्यावर तवंग धरते. पण सारेच तेल वर तरंगत नाही. इंधन हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते आणि त्यांतील काही द्रव्ये थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्याबरोबर दूरवर जातात. शिवाय खडकाला चिकटलेले तेल पावसाळ्यामागून पावसाळा थोडे थोडे सुटत राहते. कपड्यावर पडलेला तेलाचा डाग एका धुण्यात जात नाही, हे घरोघरी माहीत आहे. येथे तर कापडाच्या ठिकाणी अख्खा डोंगर होता.

धोक्याच्या सूचना पूर्वीच मिळाल्या होत्या. जानेवारी २०१४ मध्ये पाचव्या क्रमांकाच्या टाकीची दुरुस्ती झाल्यावर ती पुन्हा भरली जात असताना सुमारे एक लाख लिटर इंधन गळाले. होनोलुलूच्या पाणीखात्याने त्यानंतर वारंवार इशारा दिला की, हे इंधन येथून हलविले पाहिजे. पाणीखात्याचे मुख्य अभियंता अर्नेस्ट लाऊ हे ही गोष्ट सभांतून आणि वृत्तपत्रांतून सतत सांगत राहिले. तथापि टाक्या आवश्यक आहेत व त्या सुरक्षित ठेवता येतील, असे नौदलाचे म्हणणे होते. वाद चालत राहिला आणि वर्षे जात राहिली.

६ मे २०२१ रोजी इंधन एका नळातून दुसरीकडे सोडताना चूक झाली. नळात एकाएकी दाब वाढून सांधे फुटले आणि भुयारात सुमारे ७५ हजार लिटर इंधन सांडले. ते गेले कोठे? आग विझविण्याच्या यंत्रणेचा एक नळ भुयाराच्या छताजवळून गेलेला होता. भुयारात सांडलेला द्रव उपसून त्या नळात सोडणारे पंप तेथे होते. त्या पंपांनी बहुतेक सारे इंधन त्या नळात नेऊन भरले. हे कोणाच्या ध्यानी आले नाही. आरंभी फारच थोडे इंधन सांडले, असे कळविण्यात आले. टाकीच्या हिशेबात तूट दिसत होती; परंतु ती तूट का पडली, याचा शोध तडीस नेला गेला नाही. साडेसहा महिने ते इंधन त्या प्लास्टिकच्या नळात तसेच अडकून पडले आणि त्याच्या भाराने नळ खाली वाकत गेला.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी भुयारात रुळांवरून चालणारी एक छोटी गाडी त्या वाकलेल्या नळाच्या झडपेला धडकली. झडप तुटली आणि अडकलेले इंधन बाहेर पडू लागले. ते सुमारे ३४ तास सांडत होते. त्यातील बरेचसे गोळा करण्यात आले; पण सुमारे २० हजार लिटर हाती लागले नाही. ते भुयारातील मोरीवाटे जमिनीत उतरले. तेथून जवळच नौदलाची पाण्याची विहीर होती. ही विहीर म्हणजे खडकात आडवे कोरलेले एक भुयारच. त्यात चहूबाजूंनी पाणी पाझरून जमे आणि पंपाने ते वसाहतींकडे जाई. आता त्या पाण्यात विमानांना लागणारे इंधन आले.

नौदलाच्या त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार माणसे अवलंबून होती. सैनिकांची कुटुंबे, इतर नागरिक आणि शाळांतील मुलेही त्यांत होती. आठवडा उलटण्याच्या सुमारास कित्येक घरांतून एकच तक्रार येऊ लागली. नळ सोडला की रॉकेलसारखा उग्र वास येई. भांड्यातील पाण्यावर रंगीत तवंग दिसे. मुलांच्या अंगावर पुरळ उठले. कोणाचे डोके दुखू लागले, कोणाला उलट्या होऊ लागल्या. पाणी सुरक्षित आहे, असे तळावरील अधिकारी प्रथम सांगत होते. त्यांच्या शब्दावर विसंबून अनेक घरांत तेच पाणी प्यायले गेले आणि त्याच पाण्याने लेकरांना आंघोळी घातल्या गेल्या. आई-बापांच्या मनाला पुढे हीच गोष्ट सर्वांत अधिक जाचली. नाक सांगत होते ते खरे, की कागद सांगत होता ते खरे, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. आणि नाक खरे ठरले.

अशा संकटात प्रथम काय करावयाचे? पहिले काम म्हणजे दूषित पाणी उपसणे थांबविणे. २८ नोव्हेंबर रोजी नौदलाने ती विहीर बंद केली. दुसऱ्या दिवशी राज्याच्या आरोग्य खात्याने लोकांना बजावले की, हे पाणी पिऊ नये, त्यात स्वयंपाक करू नये. पुढे प्रयोगशाळेत नमुने तपासले तेव्हा विहिरीच्या पाण्यातील तेलाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या ३५० पटींपर्यंत असल्याचे आढळले.

यानंतरचा निर्णय मोठा अवघड होता. होनोलुलू शहराच्या पाणीखात्याची हालावा येथील विहीर याच भूजलसाठ्यातून पाणी घेत असे. शहराच्या मुख्य भागाला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा ती एकटी पुरवी. तिच्या पाण्यात तेल आढळलेले नव्हते. तरीही २ डिसेंबर २०२१ रोजी पाणीखात्याने ती आपण होऊन बंद केली. त्यानंतर काही दिवसांतच आणखी दोन ठिकाणच्या विहिरी बंद केल्या. चांगली विहीर बंद का करावी?

याचे कारण पंपाच्या कामात आहे. विहिरीला पंप लावून पाणी उपसले की तिच्यातील पातळी खाली जाते, आणि ती भरून काढण्यासाठी आजूबाजूच्या जमिनीतील पाणी तिच्याकडे ओढले जाते. एका शेतातील विहिरीवर रात्रंदिवस पंप चालला की शेजारच्या विहिरीचे पाणी उतरते, हे शेतकरी जाणतात. हालावाचा पंप चालू राहिला असता, तर रेड हिलच्या खाली पसरलेले दूषित पाणी त्या ओढीने दरी ओलांडून शहराच्या विहिरीत आले असते. एकदा तेल आत शिरले की ते काढणे कठीण. म्हणून पाणीखात्याने टंचाई पत्करली, पण विहीर राखली. मार्च २०२२ मध्ये लोकांना विनंती करण्यात आली की, प्रत्येकाने पाण्याचा वापर शेकडा दहा कमी करावा.

दुसरे काम म्हणजे लोकांना शुद्ध पाणी देणे. नळ बंद झाले तरी तहान थांबत नाही. बाटल्यांतून आणि टँकरांतून पाणी वाटण्यात आले. सुमारे चार हजार कुटुंबांना घरे सोडून हॉटेलांत राहावे लागले. सणाचे दिवस त्यांनी परक्या खोल्यांत काढले. नौदलाच्या मंत्र्यांनी लोकांची क्षमा मागितली.

तिसरे काम म्हणजे नळांची सफाई. दूषित पाणी विहिरीतच राहिले नव्हते. ते रस्त्यांखालच्या नळांत, घरोघरच्या टाक्यांत आणि पाणी तापविण्याच्या बंबांतही पोहोचले होते. म्हणून दुसऱ्या, शुद्ध विहिरीचे पाणी सोडून सारे नळ धुऊन काढण्यात आले. मुख्य नळ धुऊन निघालेले पाणी तसेच ओढ्यात सोडले असते, तर घाण केवळ जागा बदलती. म्हणून ते आधी कोळशाच्या गाळण्यांतून नेण्यात आले. वसाहतींचे १९ विभाग पाडून एकेका विभागात घरोघरी नमुने घेतले आणि निकाल समाधानकारक आल्यावरच त्या विभागातील बंदी उठविली. शेवटच्या विभागावरील बंदी १८ मार्च २०२२ रोजी उठली. म्हणजे नळ पुन्हा पिण्याजोगा होण्यास साडेतीन महिन्यांहून अधिक काळ लागला.

चौथे काम सर्वांत किचकट होते. डोंगराच्या पोटातील पाणी स्वच्छ कसे करावयाचे? विहिरीत दिसणारा तवंग शोषून घेता येतो. परंतु खडकाच्या भेगांत पसरलेल्या पाण्यापर्यंत हात पोहोचत नाही. येथे पंपाचीच ओढ उपयोगी पडली. शहराच्या विहिरीवर जी ओढ घातक ठरली असती, तीच दूषित विहिरीवर हितकर ठरली. जानेवारी २०२२ च्या अखेरीस नौदलाच्या विहिरीतून रोज दोन कोटी लिटरांच्या जवळपास पाणी उपसण्यास सुरुवात झाली. त्यामुळे आजूबाजूला पसरू पाहणारे दूषित पाणी पुन्हा त्याच विहिरीकडे ओढले जाऊ लागले. उपसलेले पाणी मोठमोठ्या गाळण्यांतून नेऊन, तपासून, मगच ओढ्यात सोडण्यात येई. इतके पाणी ओढ्यात जाताना पाहून बेटावरील लोक हळहळत. पण त्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

त्या गाळण्यांत एका विशिष्ट रीतीने तयार केलेला कोळसा भरलेला असतो. नारळाची करवंटी किंवा दगडी कोळसा यांसारख्या पदार्थांवर उष्णतेची प्रक्रिया करून तो बनवितात. त्याच्या प्रत्येक कणात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. एक ग्रॅम कोळशातील सर्व छिद्रांचे पृष्ठभाग पसरून मांडता आले, तर ते पाच ते दहा गुंठे जमीन व्यापतील! पाणी या कणांमधून जाताना त्यातील तेलाचे अंश छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि पाणी निवळून पुढे जाते. काही काळाने छिद्रे भरून जातात. मग तो कोळसा बदलावा लागतो.

निसर्गही या कामी साहाय्य करतो. मातीत आणि खडकात राहणारे काही सूक्ष्मजीव तेलातील द्रव्ये खाऊन पचवितात आणि त्यांचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करतात. परंतु त्यांची गती फार मंद असते. खोल खडकात हवा थोडी असेल तर ती आणखीच मंदावते. म्हणून दूषित पाणी कोणत्या दिशेला सरकते, तेलाचे प्रमाण वाढते की घटते, हे पाहण्यासाठी डोंगराच्या आजूबाजूला अनेक ठिकाणी केवळ निरीक्षणासाठी विहिरी खोदण्यात आल्या. त्यांतून पाणी काढून प्यावयाचे नसते. नमुने घेऊन तपासावयाचे असतात. वैद्य रोग्याची नाडी पाहतो, तशी ही पाण्याची नाडी वरचेवर पाहावी लागते.

पाचवे काम म्हणजे रोगाचे मूळ काढून टाकणे. टाक्यांत इंधन आहे तोवर खालचे पाणी सुरक्षित म्हणता येत नव्हते. हवाईच्या लोकांनी सभा भरविल्या, मोर्चे काढले. 'ओला इ का वाय', म्हणजे 'पाण्यात जीवन आहे', हे त्यांचे घोषवाक्य होते. ६ डिसेंबर २०२१ रोजी राज्याच्या आरोग्य खात्याने टाक्या रिकाम्या करण्याचा हुकूम काढला. नौदलाने प्रथम त्याला हरकत घेतली. अखेर ७ मार्च २०२२ रोजी अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी जाहीर केले की, रेड हिलचा इंधनसाठा कायमचा बंद करण्यात येईल.

निर्णय झाला, पण टाक्या लगेच रिकाम्या करता आल्या नाहीत. जे नळ जुने झाले होते, त्यांतूनच इंधन बाहेर काढावयाचे होते. घाई केली असती तर उपायच अपाय ठरता. म्हणून आधी नळांची दुरुस्ती झाली, काम करणाऱ्यांना शिक्षण देण्यात आले, प्रत्येक पायरीची तालीम झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंधन जहाजांत भरण्यास प्रारंभ झाला आणि मार्च २०२४ पर्यंत सुमारे ३९ कोटी लिटर इंधन डोंगरातून बाहेर काढण्यात आले. टाक्यांच्या तळाचा गाळ काढणे, नळ उखडणे आणि भूजलावर लक्ष ठेवणे ही कामे मात्र त्यानंतरही पुष्कळ काळ चालावयाची होती. एका धडकेने तुटलेल्या झडपेमागे शेकडो माणसांचे वर्षानुवर्षांचे श्रम लागले.

नौदलाने आपल्याच कारभाराची चौकशी केली आणि तिचा अहवाल २०२२ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाला. हा अनर्थ टाळता आला असता, असे त्यात स्पष्टपणे मान्य करण्यात आले. मे महिन्यात हिशेबात दिसलेल्या तुटीचा माग घेतला असता, तर नळात अडकलेले इंधन सापडले असते. नोव्हेंबरात झडप तुटली तरी तिच्यातून काही सांडले नसते. आणि हजारो घरांतील पाणी नासले नसते. भूजल डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याची राखण तीन गोष्टींवर अवलंबून असते: चोख मोजमाप, वेळेवर तपासणी आणि सांगण्यातील खरेपणा. यांतील एक जरी ढळली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग राहत नाही.

ही हकीकत सातासमुद्रांपलीकडची असली, तरी तिच्यातील खडक महाराष्ट्राला परका नाही. सह्याद्री आणि दख्खनचे पठारही लाव्हारसाच्या थरांनीच बनले आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. येथे विहीर खणताना प्रथम माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. पावसाचे पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगांत साठते व विहिरीच्या झऱ्यांतून वर येते. गावोगावच्या असंख्य विहिरी आणि विंधणविहिरी याच पाण्यावर चालतात. आणि रस्त्यारस्त्यांवर जे पेट्रोलपंप दिसतात, त्यांचे इंधनही जमिनीखालच्या टाक्यांतच साठविलेले असते.

पेट्रोलपंपावर रोज एक साधे काम केले जाते. खुणा कोरलेली एक लांब सळई टाकीत बुडवून इंधनाची पातळी मोजतात आणि विक्रीच्या हिशेबाशी ती ताडून पाहतात. विकले किती आणि उरले किती, याचा मेळ बसला तर ठीक. न बसला तर टाकी किंवा नळ गळतो आहे काय, हे पाहावे लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काम क्षुल्लक वाटेल. परंतु ती सळई केवळ मालकाच्या पैशांची राखण करीत नाही. टाकीखालच्या मातीची, त्या मातीखालच्या पाण्याची आणि ते पाणी पिणाऱ्या कोणा अनोळखी घराचीही राखण करते. गॅरेजमध्ये वाहनाचे जळके तेल मातीत ओतणारा मनुष्य हीच गोष्ट विसरतो. माती तेल पोटात घेते, पण विसरत नाही. आज ना उद्या ते कोणाच्या तरी विहिरीत उतरते.

जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. ते एकाच्या शेताखालून दुसऱ्याच्या घराखाली आणि एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जात असते. ओआहूच्या डोंगरावर आज पडणारा पाऊस अजून २५ वर्षांनी कोणीतरी पिणार आहे. ज्यांनी इंधन हलविण्याचा आग्रह धरला, ज्यांनी चांगली विहीर वेळीच बंद केली आणि ज्यांनी नाकाला आलेला वास निर्भयपणे बोलून दाखविला, त्या सर्वांनी त्या अजाण तहानेल्यासाठीच हे पाणी राखले आहे.